अंदाजाचे दोन दिवस



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजले आहे, ते विज्ञानाचे शिक्षक होते. म्हणून विज्ञानातला, पण घरोघरी भेडसावणारा एक प्रश्न आज आपल्यापुढे मांडतो. जंतुसंसर्ग झालेल्या रुग्णाला कोणते प्रतिजैविक लागू पडेल, हे डॉक्टरांना केव्हा कळते? माझी उमेद सूक्ष्मजंतुशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेली. त्या अनुभवावरून सांगतो, बहुधा उशिरा कळते.

प्रयोगशाळेची रूढ रीत अशी. रुग्णाच्या लघवीतील वा रक्तातील जंतू प्रथम वाढवावयाचे. मग ते पोषक थरावर पसरून त्यावर निरनिराळ्या औषधांच्या कागदी चकत्या ठेवावयाच्या. औषध गुणकारी असेल तर चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ उमटते. निरुपयोगी असेल तर जंतू चकतीच्या कडेपर्यंत वाढतात. रीत विश्वसनीय आहे. परंतु जंतूंची वाढ डोळ्यांना दिसण्यास एक रात्र लागते, आणि अशा रात्री किमान दोन. अहवाल येईतो ताप थांबत नाही, म्हणून डॉक्टर अंदाजाने औषध देतात. त्यात त्यांचा दोष नाही. मात्र अंदाज चुकला तर रुग्ण ढासळतो; आणि तो चुकू नये म्हणून नेहमीच जबर औषध निवडले, तर राखून ठेवावयाची औषधेही बोथट होतात.

ही धोक्याची सूचना जुनी आहे. 1928 साली पेनिसिलीनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 च्या नोबेल व्याख्यानातच सांगितले होते की, अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, ते औषधाला सरावतात. 2019 या एका वर्षात प्रतिरोधी जीवाणूंनी जगभरात सुमारे 12 लाख 70 हजार बळी घेतले, असा संशोधकांचा हिशेब आहे.

मग अंदाजाचे हे दोन दिवस वाचवावयाचे कसे? एक मार्ग असा की, जंतूंचा पुंजका दिसेपर्यंत थांबावयाचेच नाही; एकेका जंतूवरच नजर ठेवावयाची. लघवीच्या संसर्गात नेहमी आढळणारा ई. कोलाय हा जीवाणू अनुकूल परिस्थितीत वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. स्वीडनमध्ये विकसित झालेल्या एका छोट्या उपकरणात लघवीचा थेंब अतिसूक्ष्म नलिकांत शिरतो. काही नलिकांत औषध असते, काहींत नसते. कोठे वाढ चालू राहिली आणि कोठे खुंटली, हे सूक्ष्मदर्शकाखालील चित्रांवरून यंत्र ताडते. पाऊण तासात उत्तर मिळते. ब्रिटनमध्ये 2014 साली याच प्रश्नासाठी जाहीर झालेले 80 लाख पौंडांचे लाँजिट्यूड पारितोषिक 2024 साली या उपकरणाला मिळाले. प्रश्न चकतीचाच आहे. पाहणारी दृष्टी तेवढी सूक्ष्म झाली.

क्षयाच्या जंतूला मात्र ही युक्ती सहजी लागू पडत नाही. तो दुप्पट होण्यास पंधरा-वीस तास घेतो, आणि जुन्या रीतीने त्याचा अहवाल मिळण्यास आठवडे जात. तेथे वाढीची वाट न पाहता जंतूचे जनुकच वाचावे लागते. रिफॅम्पिसिन या प्रमुख औषधाला दाद न देणाऱ्या बहुतेक क्षयजंतूंत एका ठरावीक जनुकाच्या छोट्याशा भागात बदल झालेला असतो, तोच शोधावयाचा. आपल्या गोव्यातील मोलबायो डायग्नॉस्टिक्स या कंपनीचे ट्रूनॅट हे यंत्र हेच काम करते. ते बॅटरीवर चालते. सुसज्ज प्रयोगशाळा नसलेल्या आरोग्य केंद्रातही ठेवता येते. थुंकीच्या नमुन्यात क्षयाचे जंतू आहेत का, हे सुमारे तासाभरात कळते, आणि प्रतिरोधाचे उत्तर आणखी तासाभरात. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली या तपासणीची शिफारस केली.

तथापि यंत्राची मर्यादाही ओळखली पाहिजे. जनुकाची तपासणी विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. रिफॅम्पिसिनविषयी विचारले, तर आयसोनियाझिडविषयी ती मौन पाळते. म्हणून जुनी प्रयोगशाळा मोडीत काढावयाची नाही.

दुसरी मर्यादा यंत्राची नसून व्यवहाराची आहे. क्षयाची तपासणी सरकारी कार्यक्रमात विनामूल्य होते. इतर संसर्गांत मात्र गोळ्यांची पट्टी तपासणीहून स्वस्त पडते आणि ती चिठ्ठीवाचूनही मिळते. अशा वेळी पाऊण तासाचे उत्तरसुद्धा ग्राहकाला लांबच वाटते. पूर्वी विज्ञान दोन दिवस मागत होते, म्हणून आपली घाई क्षम्य होती. आता ते तास-दोन तास मागू लागले आहे. तेवढाही धीर आपण धरला नाही, तर उद्याच्या रुग्णासाठी कोणतेच औषध उरणार नाही, आणि तो रुग्ण आपल्यापैकीच कोणी असेल.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यातील काहीजण ही यंत्रे अधिक स्वस्त आणि अधिक व्यापक करतील, असा मला भरवसा आहे. बाकीच्यांनी घरातील वडीलधाऱ्यांना एवढेच विचारावे: हे औषध तपासून घेतले आहे, की अंदाजाने?