उटीला पयाले
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





संयोजकांचा फोन आला की तू तुझ्या पळण्यावर दहा मिनिटं बोल. मी म्हटलं, त्यात बोलण्यासारखं काय आहे? शाळेत असताना क्रीडास्पर्धांमध्ये माझं काम एकच होतं, चुन्याच्या रेघा मारायच्या. पीटीचे सर इथं बसले आहेत, ते साक्ष देतील. पळायला लागलो ते वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, डॉक्टरांनी साखरेचा रिपोर्ट टेबलावर ठेवला म्हणून. आधी चाललो, मग दोन विजेच्या खांबांमधलं अंतर पळून बघितलं, मग चार खांबांमधलं. आता अमरावतीला रोज सकाळी पाच किलोमीटर आणि रविवारी दहा. दहाला मला पासष्ट मिनिटं लागतात. हा आकडा आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढं त्याची फजिती आहे.

तर गेल्या मे महिन्यात मी आठ दिवस उटीला गेलो. बागा बघायला नाही, पळायला. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "इथं पयाले जागा नाई का तुले?" तिला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला देतो.

उटी २२४० मीटर उंचीवर आहे. आपलं अमरावती ३४३ मीटरवर. आपल्या देशातले लांब पल्ल्याचे धावपटू सरावासाठी उटीला जाऊन राहतात. साताऱ्याकडच्या माण तालुक्यातली ललिता बाबर तिथं पळाली, बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे तिथं पळाला. जगात अशी आणखी गावं आहेत. सगळ्यांत नावाजलेलं केनियातलं इटेन, २४०० मीटरवर. गावात शिरतानाच कमान लागते आणि तिच्यावर लिहिलेलं असतं की हे विजेत्यांचं घर आहे. तिकडं जाण्याइतका पैसाही नव्हता आणि रजाही नव्हती. आपलं चिखलदरा जवळ आहे, पण ते १११८ मीटर. तिथं थंडी वाजते, कॉफी मिळते, पण धाप लागत नाही. आणि मला ती धाप पाहिजे होती.

उंचावर हवा विरळ, हे आपण भूगोलात शिकलो. ऑक्सिजनचा वाटा तिथंही तेवढाच असतो, एकवीस टक्के. पण हवेचा दाब कमी. उटीच्या उंचीला तो समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-चतुर्थांश होतो. म्हणजे दर श्वासाला आत जाणारा ऑक्सिजनही तेवढाच कमी. शरीर काही दिवस गांगरतं. मग मूत्रपिंडं एक संप्रेरक सोडतात आणि हाडांच्या मज्जेत तांबड्या पेशी जास्त तयार व्हायला लागतात. याला तीन-चार आठवडे लागतात. मग तो खेळाडू खाली मैदानात उतरला की त्याच्या रक्तात ऑक्सिजन वाहणारे हमाल वाढलेले असतात. आमच्यासारखा आठ दिवसांचा पाहुणा गेला तर त्याला हमाल मिळत नाहीत, नुसतं ओझं मिळतं.

हे जगाच्या लक्षात ठळकपणे आलं ते १९६८ साली. मेक्सिको सिटीला ऑलिंपिक झालं. त्या शहराची उंचीसुद्धा २२४० मीटरच, अगदी उटीएवढी. तारीख ऐका. ११ ऑक्टोबर १९६८ ला महाराज गेले. गुरुकुंजात त्या दिवसांत काय माणूस लोटला होता ते इथल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १२ ऑक्टोबरला, मेक्सिकोत उद्घाटन झालं. आपल्याकडं तेव्हा त्याची खबर कोणाला असणार? पण त्या पंधरवड्यात पळण्याचा इतिहास बदलला. पंधराशे मीटर केनियाच्या किपचोगे केनोनं जिंकले, दहा हजार मीटर केनियाच्याच नफ्ताली तेमूनं, तीन हजार मीटर स्टीपलचेस अमोस बिवॉटनं, आणि मॅरेथॉन इथिओपियाच्या मामो वोल्डेनं. सगळे डोंगरात वाढलेले. ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क, ज्याच्या नावावर जागतिक विक्रम होते, तो दहा हजार मीटरमध्ये सहावा आला आणि रेघ ओलांडून कोसळला. त्यानंतर उंचावर जाऊन सराव करणं ही रीतच पडली.

आता माझी फजिती. मेट्टुपालयमहून उटीला छोटी गाडी जाते, दात्यांच्या रुळावरून. ४६ किलोमीटरला पाच तासांच्या आसपास घेते. माझ्या डोक्यात आलं, यापेक्षा मी लवकर पोचलो असतो. हा गर्व दुसऱ्या दिवशी सकाळी उतरला. सहा वाजता धुकं, अंगावर स्वेटर, आणि मी अमरावतीच्या चालीनं निघालो. पहिला किलोमीटर ठीक गेला. दुसऱ्याच्या मध्यावर छातीत लोहाराचा भाता सुरू झाला. बाजूला गाजरं विकायला मांडत असलेल्या बाईनं मला बसायला पोतं दिलं. तिची तमिळ मला कळत नव्हती, माझी हिंदी तिला कळत नव्हती, पण मी मरत नाही ना एवढं तिला बघायचं होतं. उटीची गाजरं फार गोड असतात, हे मला तिथंच कळलं.

मी पोत्यावर बसलो असताना समोरून सात-आठ मुलं पळत आली. सडपातळ, काटकुळी, पायांत झिजलेले बूट. बघताक्षणी कळलं की हे आपल्यासारखे हौशी नव्हेत. आणि गंमत अशी की ती अगदी हळू पळत होती. गप्पा मारत, एकमेकांची थट्टा करत. मी ताजा असतो तर त्यांच्या बरोबरीनं गेलो असतो, इतकं हळू. त्यातला एक थांबला आणि माझ्या टोपीवरची मराठी अक्षरं वाचून म्हणाला, "काका, कुठले?" पोरगा सोलापूरकडचा, लष्करात नोकरीला.

पुढचे सहा दिवस तो मला रोज भेटला. त्यानं मला एकच नियम घालून दिला: बोलता येईल एवढंच पळायचं. वाक्य तुटलं की चालायचं. मी म्हटलं, अरे, मग तुम्ही जोरात कधी पळता? तर म्हणाला, आठवड्यातून दोनदा, मैदानावर, आणि त्या दिवशी बघायला या. मी गेलो. चारशे मीटरची फेरी, मग थोडं थांबणं, मग पुन्हा फेरी. मोजता मोजता मी विसरलो. पाय जमिनीला लागतात की नाही कळत नव्हतं. संपल्यावर दोघं गवतावर आडवे झाले आणि एकाला उलटी झाली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बूट पिशवीत घातले आणि गेले. खाली तळ्याकाठी घोड्यावर बसून फोटो काढणारी आपल्याकडची शेकडो माणसं होती, त्यांना वर हे काय चाललंय याचा पत्ता नव्हता.

एकदा चहा पिताना, तिथली वर्की खाताना, त्यानं विचारलं, "काका, तुमच्याकडं पळतात का पोरं?"

मी म्हटलं, पळतात म्हणजे काय! पहाटे नागपूर रोडनं जा, तिवशापासून मोझरीपर्यंत कडेकडेनं पोट्टेच पोट्टे. मुलीसुद्धा. काहींच्या हातात मोबाईलचा उजेड, काही तसेच अंधारात.

तो हसला. "सोळाशे ना?"

सोळाशेच. पोलीस भरतीला मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे. लष्कराच्या भरतीतही सोळाशेच. त्याच्यापुढं आपल्या मुलांचं पळणं जात नाही. निकाल लागला की लागलेला पळणं थांबवतो, आणि न लागलेला वय उलटलं की थांबवतो. तो म्हणाला, "मीपण सोळाशेच पळायचो, जीव खाऊन. दोनदा राहिलो, तिसऱ्यांदा लागलो. लागल्यावर रेजिमेंटच्या क्रॉसकंट्रीत कोणीतरी बघितलं, म्हणून इथं." साबळेचंही असंच झालं. गावाहून शाळा सहा किलोमीटर, ती पायानं गाठायची. बारावीनंतर महार रेजिमेंट, सियाचीन. स्पर्धेत पळायला लागला ते २०१५ मध्ये, फौजेतल्या क्रॉसकंट्रीत. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाचा अब्राहम किबिवोट त्याच्यापुढं फक्त पाच शतांश सेकंदांनी होता. पॅरिस ऑलिंपिकला तो स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत गेला. तिथवर पोचलेला पहिला भारतीय पुरुष.

पण मला त्या चहाच्या टपरीवर साबळे आठवत नव्हता. मला आपल्या वर्गातला एक जण आठवत होता.

तो आज आला आहे, तिसऱ्या ओळीत बसला आहे. नाव घेत नाही, नाही तर उठून जाईल. सात किलोमीटरवरच्या गावाहून तो शाळेत पळत यायचा. स्लीपर झिजू नये म्हणून हातात घेऊन, अनवाणी. उशीर झाला म्हणून छडी खायचा आणि संध्याकाळी प्रार्थनेची घंटा ऐकून पुन्हा पळत घरी जायचा. वार्षिक क्रीडास्पर्धेत तो शेवटची फेरी सुरू करायचा तेव्हा दुसरा मुलगा पाऊण फेरी मागं असायचा. मला नेमकं ठाऊक आहे, चुन्याची रेघ मीच मारायचो. बारावीनंतर आम्ही सहा जण भरतीला गेलो. पळण्यात हा पहिला आला, नुसता पहिला नाही, मोजणारा माणूस घड्याळाकडं दोनदा बघत राहिला. मग छाती मोजली. दोन सेंटीमीटर कमी भरली. परतीच्या एसटीत तो खिडकीशी बसला होता आणि मोझरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. त्यानंतर तो पळालेला मी पाहिला नाही. संत्र्याचा बगीचा केला, पोरांना शिकवलं, चांगला संसार केला. पण पळाला नाही.

दोन सेंटीमीटर कमी छातीचा मुलगा पळू शकतो, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. उटीतल्या त्या मुलांच्या छात्या काय मोठ्या होत्या? मला तर पिंजऱ्यासारख्या दिसल्या. भरतीला पळणं ही चाळणी होती आणि चाळणीतून खाली पडलेलं कोणी उचलत नाही. त्या सोलापूरच्या पोराला ज्यानं बघितलं तो माणूस चाळणीच्या आतल्या बाजूला उभा होता. बाहेर कोणी उभा नव्हता. आजही नसतो. हायवेच्या कडेनं पळणाऱ्या त्या पोट्ट्यांमध्ये पाच हजार मीटरचा, दहा हजार मीटरचा एखादा आहे की नाही हे कसं कळणार? कोणी त्यांना सोळाशेच्या पुढं पळवून बघितलंच नाही. आणि मी, रेघा मारणारा, आठ हजारांचे बूट घालून उटीला जाऊन आलो. हे मला तिथं फार लागलं. अजूनही लागतं.

शाळेच्या मैदानाबद्दल समितीशी माझं बोलणं झालं आहे. फार मोठं काही नाही. चारशे मीटरची रेघ कायमची आखायची, पावसाळ्यानंतर मुरूम टाकायचा, एक घड्याळ, आणि रविवारी सकाळी वही घेऊन बसणारा एक माणूस, जो येणाऱ्या पोरापोरींना बारा फेऱ्या पळवून त्यांची वेळ लिहून ठेवेल. वही घेऊन मी बसतो. चुनाही मीच टाकतो, सवय आहे. दर रविवारी अमरावतीहून येणं मला जड नाही.

उटीहून आल्यावर आठवडाभर मी माझ्या दहा किलोमीटरच्या वेळेत सुधारणा शोधत होतो. झाली, पण उलट्या दिशेनं. आता बहात्तर मिनिटं लागतात, कारण बोलता येईल एवढंच पळतो.

आज मुक्काम इथंच आहे. उद्या पहाटे साडेपाचला मी फाटकापाशी असेन, तिथून दास टेकडीकडं जाऊ. हळू. ज्याला यायचं त्यानं यावं, बूट पाहिजेतच असं नाही. तिसऱ्या ओळीतल्यानं तर स्लीपर हातात घेऊनच यावं, मी मागून येतो.