डेंग्यूचा रुग्ण आणि औषधांचा आग्रह

पावसाळा सरत आला आणि वाशिम जिल्ह्यात सोयाबीनच्या सोंगणीची घाई सुरू झाली, की डेंग्यूचेही दिवस येतात. मंगरुळपीर वा मानोऱ्याकडून रुग्णालयात आणलेल्या रुग्णाच्या उशाशी बसलेले आप्त प्रथम एकच विचारतात, "पेशी किती झाल्या?" कित्येकजण त्यांना ‘पांढऱ्या पेशी’ म्हणतात, वस्तुतः त्या रक्त गोठविण्यास साहाय्य करणाऱ्या प्लेटलेट होत. तो आकडा उतरला की धीर सुटतो आणि औषधांचा आग्रह सुरू होतो.

डेंग्यूच्या विषाणूवर नेमके औषध अद्यापि उपलब्ध नाही. प्रतिजैविके जंतूंवर चालतात, विषाणूवर नव्हे. मात्र याच ऋतूत विदर्भात स्क्रब टायफसही आढळतो व त्यास डॉक्सिसायक्लिन लागते. तेव्हा निदान ठरेपर्यंत ते देणारा डॉक्टर चुकला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. निदान ठरल्यावरही ते चालू ठेवणे मात्र व्यर्थ होय.

प्लेटलेटच्या पिशवीचेही तसेच. सिंगापूर व मलेशियातील प्रौढ रुग्णांवरील जो प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला, त्यात प्लेटलेट २०,००० किंवा त्याहून कमी असूनही मोठा रक्तस्राव नसलेल्यांना पिशवी देऊन रक्तस्राव टळला नाही. उपद्रव मात्र वाढले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ साली अशा पिशव्या, स्टेरॉइड आणि आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत, असेच सुचविले आहे. तापास पॅरासिटामॉल पुरे, तेही मोजून. कारण या रोगात यकृत आधीच पीडित असते.

मग रुग्णालयात करावयाचे काय? पाहावयाचे! साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि नेमक्या त्याच वेळी केशवाहिन्यांतून रक्तद्रव पाझरू लागतो. रक्त दाट होते, नाडी क्षीण होते. सलाइन हेच तेव्हाचे खरे औषध. परंतु एकदोन दिवसांत पाझरलेला द्रव रक्तात परततो, आणि आग्रहाखातर चढविलेली जादा बाटली फुप्फुसांत पाणी साचविते. यास्तव परिचारिकेने टिपलेला रक्तदाब, लघवीचे माप आणि हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्ताचा दाटपणा, यांना प्लेटलेटच्या आकड्याहून अधिक मोल आहे.

उशाशी बसणाऱ्यालाही काम आहेच. पोटात सतत दुखणे, थांबत नसलेली ओकारी, हिरड्यांतून रक्त, अस्वस्थता किंवा ग्लानी, यांतील काहीही दिसताच, ताप नसला तरी आणि मध्यरात्र असली तरी, त्याने परिचारिकेस उठून सांगावे.