काल्यातला पेंद्या

नागपूरच्या कॅन्सर इस्पितळाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव आहे. महाराजही 1968 साली याच रोगानं गेले. आमच्या गावचं एक लेकरू रक्ताच्या कॅन्सरनं नागपूरले भरती होतं, तवा आम्ही भेटाले गेलो. दारातच सांगितलं, औषधानं पोराची ताकद घटली आहे. हात धुवा, फुलं अन् बुक्का आत नको. आता बुक्का काढून घेतला तं वारकऱ्याजवळ राहते काय? मंग आम्ही काल्यातला पेंद्या झालो. लंगडत, बोबडं बोलत खाटेभोवती फिरलो. केस गेलेलं ते पोर एकदम खिदळलं, "आबाजी, मघा तं डावा पाय लंगडा होता!"

त्याची माय पदराआड हसली, मंग भिंतीकडं तोंड करून रडली. लेकरू आजारी अन् माय हसते, असं लोक म्हणतीन, म्हणून ती हसणंच विसरली होती. गावात तं तिच्या घरचं पाणीही लोकांनी सोडलं होतं. अरे बाप्पा, हा रोग शिवल्यानं लागत नाही! आम्ही हे दर कीर्तनात सांगतो.

इलाज अडीच वर्षं चालला. यंदा काल्यात पेंद्या तोच होणार आहे. कोणता पाय लंगडा, ते अजून सांगत नाही.