दोन रुपयांचं मोल

आज आपण बोलणार आहोत चिल्लरविषयी. विषय लहान वाटेल, पण आपल्या धंद्यातला बराच नफा या चिल्लरमध्येच अडकलेला असतो.

आठवडी बाजारात आपल्या गटातल्या बायका भाजी, पापड, शेंगदाण्याची चटणी घेऊन बसतात. गिऱ्हाइकाचे तेवीस रुपये होतात. ते वीसची नोट पुढे करतं आणि म्हणतं, "वरचे तीन सोडा हो, सुट्टे नाहीत." नाहीतर अठरा रुपयांसाठी वीसची नोट येते, आपल्याकडे दोन रुपये नसतात, म्हणून आपण मूठभर मिरच्या टाकतो. त्या मिरच्या दोन रुपयांपेक्षा जास्तच भरतात.

हिशेब करून पाहू. एका बाजाराला चाळीस गिऱ्हाइकांमागे दोन-दोन रुपये सुटले, तर 80 रुपये गेले. वर्षात 50 बाजार धरले तर 4,000 रुपये. एवढ्यात एखाद्या मुलीच्या वह्या-पुस्तकांचा बराच खर्च निघतो.

उलट बाजूही आहे. सुट्टे नाहीत म्हणून दुकानदार आपल्या हातात चॉकलेट ठेवतो. चॉकलेट म्हणजे पैसे नव्हेत. तेच चॉकलेट आपण त्याला परत दिलं तर तो घेईल का? नको असेल तर सरळ नाही म्हणावं.

आता कोणी म्हणेल, मोबाईलवरून पैसे येतात, मग नाणी कशाला? आपणही कोड लावलाच आहे, आणि त्याचा फायदाही होतो. पण साधा फोन वापरणाऱ्या आजी, आईनं दुकानात पाठवलेलं पोर आणि बाजाराच्या गर्दीत गायब होणारी रेंज, यांचं काय? तिथे नाणंच कामाला येतं.

नाण्यांबद्दल अफवाही फार. दहाचं नाणं चालत नाही, असं अजूनही ऐकू येतं. काही नाण्यांवर रुपयाचं चिन्ह आहे, काहींवर नाही, म्हणून लोकांना शंका येते. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2018 मध्येच सांगितलं, की दहाच्या नाण्याच्या तोपर्यंत निघालेल्या 14 नमुन्यांपैकी सगळी नाणी चालतात. त्यासाठी 14440 हा नंबरही दिला होता. बंद झाली ती चार आणे आणि त्याखालची नाणी. ती 30 जून 2011 पासून चलनातून गेली. आठ आणे कायद्याने आजही चालतात, बाजारात कोणी घेत नाही ही गोष्ट वेगळी. म्हणून एखादी म्हातारी दहाचं नाणं घेऊन आली तर तिला परत पाठवू नका. तिनं ते कनवटीला जपून ठेवलेलं असतं.

आपल्याकडे नाणी साठली, की बँकेत तोंड वाकडं करतात, अशी तक्रार बैठकीत नेहमी येते. तर लक्षात ठेवा, बँकेत किती नाणी भरायची याला रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातलेली नाही, आणि बँकेने ती घ्यायची आहेत. आपणही थोडी सोय करू. एका पिशवीत एकाच किमतीची शंभर नाणी मोजून भरू, म्हणजे मोजणाऱ्याचा वेळ वाचतो. गर्दीच्या दिवशी न जाता निवांत वारी जाऊ. तरीही नाही म्हणाले, तर शाखा व्यवस्थापकांना नम्रपणे लेखी अर्ज देऊ.

त्याआधी एक सोपा उपाय गटातच आहे. चहाची टपरी आणि पिठाची गिरणी चालवणाऱ्या ताईंकडे नाणी साठतात. भाजीवालीला तीच मिळत नाहीत. आम्ही बैठकीला बचत गोळा झाली, की अदलाबदल करतो. नोट द्यायची, तेवढीच नाणी मोजून घ्यायची. वहीत दोघींची नावं आणि रक्कम लिहायची. यावर कमिशन कोणी घेत नाही.

बाजाराला निघताना गल्ल्यात एक, दोन आणि पाचाची मिळून शंभर रुपयांची नाणी असू द्या. ती वेगळ्या डब्यात ठेवा आणि संध्याकाळी विक्रीचा हिशेब करताना आधी बाजूला काढा, म्हणजे घोळ होत नाही. भाव ठरवतानाही विचार करा. नऊ रुपयांची एक जुडी विकण्यापेक्षा दहाला एक किंवा वीसला दोन आणि वर थोडी कोथिंबीर, असं जमतंय का बघा. मात्र सुट्ट्यांच्या नावाखाली गिऱ्हाइकाकडून जास्त घेऊ नका. दोन रुपये परत करणाऱ्या बाईकडे गिऱ्हाईक पुढच्या बाजारीही येतं.

येत्या बैठकीला घरातले डबे, देवघरातली वाटी, मुलांचे गल्ले जरा बघून या. तिथे पडून असलेली नाणी बाजारात आली, तर आपल्याच एखाद्या मैत्रिणीचा दिवस सोपा होईल.