ग्रामवास, नगरवास आणि आपला मठ
(वर्धापनदिनाच्या सभेतील भाषण)



नागरवाड्यातील ही दाटीची वस्ती सोडून मठ शहराबाहेर, शक्य झाल्यास नर्मदातीरीच्या एखाद्या खेड्यात न्यावा, असा विचार आपल्यांपैकी काही मंडळींनी विश्वस्तांपुढे मांडला आहे. त्याविषयी चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली आहे.

ह्या मंडळींचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नाही. सायंआरतीच्या वेळी टाळांचा नाद भोंग्यांच्या कर्कश आवाजात बुडून जातो. मांजलपूर-गोत्रीकडे राहावयास गेलेल्या कुटुंबांना येथे येऊन वाहन कोठे ठेवावे, हाच प्रश्न पडतो. खेड्यात निदान आकाश दिसते, नदीचे स्नान घडते आणि जपास बसल्यावर कानांना विसावा मिळतो.

परंतु खेडे म्हणताच ज्यांच्या डोळ्यांपुढे केवळ नदी आणि वटवृक्ष उभे राहतात, त्यांनी खेडे बहुधा सुटीतच पाहिलेले असते. आपले पूर्वज कोकणातून आणि देशावरून बडोद्यास आले, ते काही हवापालटासाठी नव्हे. पोटाचा आणि मुलांच्या विद्येचा प्रश्न त्यांना येथे घेऊन आला. श्रीमंत सयाजीराव महाराज स्वतः मालेगावजवळच्या कवळाणे गावचे, शेतकऱ्याच्या घरचे. १८७५ साली दत्तक होऊन ते गादीवर आले, त्यानंतरच त्यांचे रीतसर शिक्षण सुरू झाले. खेड्यात काय उणे असते, हे त्यांना पुस्तकांतून शिकावे लागले नाही. म्हणूनच त्यांनी सक्तीच्या मोफत शिक्षणाचा पहिला प्रयोग १८९३ मध्ये राजधानीत न करता अमरेली तालुक्यात केला, १९०६ मध्ये तो राज्यभर लागू केला, आणि पुढे ग्रंथांच्या पेट्या गावोगाव धाडल्या. आजव्याच्या तलावाचे पाणी शहराला नळाने मिळाले, तेही त्यांच्याच कारकीर्दीत. नगर आणि ग्राम अशी निवड त्यांनी केलीच नाही.

(जाता जाता सांगतो, ‘नागर’ ह्या शब्दाचा अर्थच मुळी ‘नगरातला’ असा आहे. नागरवाडा सोडावयाचा, तर नावापासूनच आरंभ करावा लागेल!)

आता साधनेचे पाहू. पूज्य रंग अवधूत महाराज अहमदाबादेतील शिक्षकी सोडून १९२५ मध्ये नारेश्वराच्या निर्जन रानात जाऊन राहिले. एकांत त्यांना लाभला खरा. पण लोकही त्या एकांताच्या मागोमाग तेथे पोहोचले. आज नारेश्वरास उत्सवाच्या दिवशी गेलेल्याला रान शोधावे लागेल. ह्याच्या उलट उदाहरण आपल्याच शहरातले आहे. सुरतेच्या काँग्रेसनंतर, १९०८ च्या जानेवारीत, श्रीअरविंद बडोद्यास आले होते. त्या वेळी सारे शहर त्यांच्या दर्शनासाठी उत्सुक होते. तरीही सरदार मुजुमदारांच्या वाड्यात, वरच्या मजल्यावरील एका लहानशा खोलीत, विष्णु भास्कर लेले ह्यांच्या मार्गदर्शनाखाली ते ध्यानास बसले आणि तीन दिवसांत त्यांचे चित्त निःशब्द झाले, असे त्यांनीच पुढे नमूद केले आहे. शहर उठून दूर गेले नव्हते. खोलीचे दार मात्र लावलेले होते.

सुरक्षिततेचेही कारण पुढे केले जाते. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीने शहराची जी दैना केली, ती आपण भोगलीच. परंतु त्याच्या आदल्याच वर्षी, सप्टेंबरात, नर्मदेच्या पुराने चांदोदला वेढले होते, हेही विसरता येत नाही.

मला खरी चिंता वाटते ती निराळीच. रोज सायंकाळी ज्या वृद्ध माता काठी टेकीत पायी येतात, त्यांतल्या कित्येकींच्या दिवसातले बोलणे येथेच काय ते होते. शेजारच्या गुजराती भगिनी त्यांच्याबरोबर दत्तबावनी म्हणतात. मठ नर्मदातीरी गेला, तर मोटारी असलेले भक्त रविवारी तेथे जातील. ह्या माता कोठे जातील?

म्हणून माझी सूचना अशी की, पादुका येथेच राहाव्यात. आरतीपुरती रस्त्याकडील दारे बंद ठेवावीत. अनुष्ठानासाठी तीरावर दोन खोल्या बांधाव्यात, त्याला माझा विरोध नाही. उलट यथाशक्ति साह्यच करीन. मात्र जागा घेण्यापूर्वी पाणी कोठवर चढते, हे त्या गावच्या वडीलधाऱ्यांना प्रत्यक्ष जाऊन विचारावे.