जुळवलेलं चित्र आणि धूसर चेहरा



१८५८ साली इंग्लंडमध्ये हेन्री पीच रॉबिन्सन यांनी ‘फेडिंग अवे’ हे छायाचित्र लोकांपुढं ठेवलं. क्षयानं मरणपंथाला लागलेली मुलगी, तिच्या उशापायथ्याशी दोघी बायका आणि मागं खिडकीपाशी पाठमोरा उभा असलेला पुरुष. लोक चिडले. मरण असं चव्हाट्यावर मांडतात का? वास्तविक ती मुलगी ठणठणीत होती आणि चित्र पाच निगेटिव्हमधून जुळवलेलं होतं. हीच मरणशय्या कुणी रंगात काढली असती तर कुणाची हरकत नव्हती. फोटो मात्र खराच असणार, अशी समजूत. आधी चित्रकारासारखी रचना करा, मग कॅमेरा लावा, हा रॉबिन्सन यांचा धडा. तो त्यांनी पुस्तकांतूनही शिकवला.

त्याच काळातल्या दुसऱ्या छायाचित्रकार म्हणजे ज्युलिया मार्गारेट कॅमरन. त्यांचा जन्म १८१५चा, कलकत्त्याचा. वयाच्या ४८व्या वर्षी लेक-जावयानं त्यांना कॅमेरा भेट दिला. आइल ऑफ वाइट बेटावरच्या घरी बाईंनी कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ केला, कोळशाच्या खोलीची डार्करूम. तेव्हा फोटो रसायन लावलेल्या काचेवर घेत; ती काच ओली आहे तोवर सगळं उरकायचं. समोरच्यानं कित्येक मिनिटं हलायचं नाही, आणि माणूस तर हलणारच!

१८६७ साली त्यांनी जॉन हर्शेल यांचा फोटो काढला. हायपो या रसायनानं फोटो पक्का करता येतो, हे जगाला सांगणारे हेच ते शास्त्रज्ञ. बाईंचे जुने स्नेही. बाईंनी त्यांना आधी केस धुवायला लावले, असं सांगतात. अंगावर काळं वस्त्र, एका बाजूनं पडलेला उजेड, पिंजारलेले पांढरे केस आणि थकलेले, टक्क उघडे डोळे. केसांच्या कडा विरघळल्यासारख्या धूसर. छायाचित्रणातल्या जाणकारांनी या धूसरपणाला गबाळेपणा म्हटलं. मला मात्र त्यामुळेच तो म्हातारा श्वास घेतोय असं वाटतं. रॉबिन्सन यांची मुलगी सुरेख आहे, पण तिच्यापुढं मी प्रेक्षक असतो. हर्शेल माझ्याकडं बघतात. म्हणून बाईंचा वारसा मला मोठा वाटतो.

रॉबिन्सन यांचं ऋणही खरंच आहे. १८९२ साली छायाचित्रणाला कला मानणाऱ्यांची ‘लिंक्ड रिंग’ ही संस्था उभी राहिली, तिच्या संस्थापकांत ते होते. दोन वर्षांनी अमेरिकन छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ तिचे सभासद झाले. याच स्टिग्लिट्झनी १९१३ साली न्यूयॉर्कच्या आपल्या ‘कॅमेरा वर्क’ या नियतकालिकात कॅमरनबाईंची चित्रं छापली. तेव्हा बाईंना जाऊन ३४ वर्षं झाली होती.