जादा टाकीचा हिशेब

समोर बसलेले गाडीमालक, बॉडी बांधणारे कारागीर आणि चहाला पटकन सुटता यावं म्हणून दाराजवळ बसलेले ड्रायव्हर मित्रहो,

देशाच्या अर्थव्यवस्थेत मालवाहतुकीचा वाटा केवढा, हे अध्यक्षानं सांगायची रीत आहे. ते तुम्हाला पाठ आहे. मी आज एकाच विषयावर बोलणार आहे. आपल्या ठरावांच्या मसुद्यात तिसरा ठराव आहे : लांब पल्ल्याच्या अवजड गाड्यांना जादा डिझेल टाकी बसवण्याची सरसकट मुभा मिळावी. हा ठराव आहे तसा मंजूर होऊ नये असं माझं मत आहे, आणि ते मत मांडायला माईक आयताच हातात आलाय.

ही मागणी कोल्हापुरात उठावी यात नवल नाही. कागल सोडलं की कोगनोळी, पुढं निपाणी. तिथल्या पंपांवर एमएच पासिंगच्या गाड्या वर्षानुवर्षं रांगेत उभ्या राहिल्या आहेत. तलासरीच्या बाजूलाही तोच प्रकार होत आला. गुजरातेत टाकी फुल्ल करायची आणि महाराष्ट्र पार करायचा. डिझेल जीएसटीच्या बाहेर आहे, प्रत्येक राज्य आपापला कर लावतं, त्यामुळं हद्दीच्या दगडावर भाव बदलतो. मग मालकाच्या मनात येतं, तीनशे लिटरची आणखी एक टाकी असती तर!

पण त्या फरकाचा भरवसा किती? कर्नाटकानं जून २०२४ मध्ये कर वाढवला आणि डिझेल लिटरमागं तीन रुपयांनी चढलं. एप्रिल २०२५ मध्ये आणखी दोन रुपये वाढले. ज्यानं २०२३ साली निपाणीच्या भावावर विसंबून टाकी बसवली, त्याची टाकी अजून चेसिसला आहे; फरक मात्र आटला. टाकी गाडीच्या आयुष्याइतकी टिकते. भावातला फरक एखाद्या राज्याच्या तिजोरीत खडखडाट होईपर्यंत टिकतो.

अमेरिकेतल्या मोठ्या ट्रकना दोन्ही बाजूंना टाक्या असतात, मिळून हजार लिटरपर्यंत डिझेल मावतं, असं आपल्यातले काही जण सांगतात. खरं आहे. पण तिथं राज्याचा इंधनकर गाडी कोणत्या राज्यात किती मैल धावली यावर ठरतो. स्वस्त कराच्या राज्यात टाकी भरली तरी तिमाही हिशेबात फरक भरावा लागतो. त्यांच्या मोठ्या टाक्या अंतरासाठी आणि ड्रायव्हरच्या वेळेसाठी आहेत. त्यांची टाकी बघून आपला हिशेब मांडू नका.

आता काट्यावर चला. डिझेल लिटरला साधारण ८३० ग्रॅम भरतं. तीनशे लिटर म्हणजे अडीचशे किलो, वर टाकी, पट्टे, ब्रॅकेट धरून पावणेतीनशेच्या पुढंच. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतून कास्टिंग भरून फरिदाबादला निघालेली गाडी घ्या. हा वजनाचा माल. गाडी अर्धी रिकामी दिसते, पण पासिंगचं वजन संपलेलं असतं. समजा टनाला चार हजार भाडं आहे. २८० किलो माल कमी भरला, की अकराशे वीस रुपये गेले. लिटरमागं दोन रुपये वाचले तर तीनशे लिटरवर सहाशे मिळाले. म्हणजे खेपेला पाचशे वीस रुपये तोटा पत्करून आपण स्वस्त डिझेलचा आनंद घेतला. फरक चार रुपयांचा झाला तर जेमतेम बरोबरी.

माल कमी करायचाच नाही, वरून टाकी भरायची, असं म्हणणारेही इथं बसलेत. त्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ आठवावं : वीस हजार रुपये, आणि जादा प्रत्येक टनाला दोन हजार. टनाचा अंश जास्त भरला आणि दंड झाला, तरी सुरुवात वीस हजारांपासूनच. जुलै २०१८ मध्ये वजनाची मर्यादा वाढली, ट्रेलर ४९ टनांवरून ५५ टनांवर गेला, तेव्हा सगळ्यांना वाटलं आता सुटलो. ती वाढ मालानं खाल्ली. टाकीसाठी काही उरलं नाही.

हाच हिशेब रांजणगावहून फ्रिज किंवा चाकणहून नव्या मोटारी घेऊन निघालेल्या गाडीला लावला तर उत्तर उलटं येतं. तिथं जागा आधी संपते, वजन नाही. पावणेतीनशे किलो जादा गेले तर भाड्यातला एक पैसाही कमी होत नाही. लांब खेपेला थोडं डिझेल जादा जळेल, एवढंच. अशा गाडीला मोठी टाकी जरूर घ्या. म्हणून मी म्हणतो, ‘टाकी बसवू का’ असं विचारणाऱ्याला आधी विचारावं, ‘तू भरतोस काय?’

ज्यांना मोठी टाकी फायद्याची, त्यांचा फायदा फक्त भावाचा नसतो. ओळखीच्या पंपावर खात्रीचं डिझेल भरता येतं. बीएस-६ इंजिनाच्या इंजेक्टरला भेसळ चालत नाही, आणि रस्त्याकडेला ‘बायोडिझेल’ म्हणून काय काय विकलं जातं ते तुम्ही पाहिलंय. ड्रायव्हरला रात्री अनोळखी पंपावर थांबावं लागत नाही. समृद्धी महामार्ग नागपूर ते आमणे ७०१ किलोमीटर आहे. साडेतीनचं ॲव्हरेज देणाऱ्या गाडीला जाऊन-येऊन चारशे लिटर लागतात, म्हणजे कंपनीची मोठी टाकीसुद्धा काठावर येते. हे फायदे खरे आहेत.

पण उत्तरेला जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रावेर-सावद्याची केळी भर थंडीत काश्मीरकडं नेणाऱ्या गाडीनं खानदेशातलं डिझेल शेवटपर्यंत पुरवायचं ठरवलं, तर वर कडाक्याच्या थंडीत त्यातलं मेण गोठू लागतं, फिल्टर तुंबतो. लडाखसाठी इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत चालणारं खास हिवाळी डिझेल काढलं, ते उगाच नाही. थंड मुलखात तिथलंच डिझेल भरावं. मोठ्या टाकीत भरून नेलेलं आपलं डिझेल तिथं अडचणच होतं.

पैशाचं थोडक्यात सांगतो. नव्वद रुपयांच्या भावानं तीनशे लिटर म्हणजे सत्तावीस हजार. दहा गाड्यांचे दोन लाख सत्तर हजार टाकीत डुचमळत राहतात, आणि पार्टीकडून भाडं दोन-दोन, तीन-तीन महिन्यांनी येतं. व्याज तुम्हीच काढा.

आता बॉडीवाल्या मित्रांनी रागावू नये. गॅरेजात पत्रा वाकवून केलेली टाकी मला मान्य नाही. आत आडवे पडदे नसतात, त्यामुळं अर्धी टाकी वळणावर हिंदकळते आणि जोड सुटतात. वेल्डिंगचा कीस आणि गंज थेट फिल्टरमध्ये येतो. दोन टाक्या खालून पाइपनं जोडल्या आणि त्या पाइपला दगड लागला, तर दोन्ही टाक्या रस्त्यावर रिकाम्या होतात. बीएस-६ गाडीच्या कडेला सायलेन्सरचा मोठा डबा, धूर शुद्ध करणाऱ्या डीईएफ द्रवाची टाकी आणि साइड गार्ड यांनी आधीच जागा व्यापली आहे. उरलेल्या फटीत टाकी घुसवायची म्हणजे ती एक्झॉस्टच्या उष्णतेजवळ जाते. कलम ५२ प्रमाणं कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही. उद्या आग लागली तर विमा कंपनी पहिला फोटो त्या टाकीचाच काढेल.

आणि चोरी. हा विषय काढला की मालक ड्रायव्हरकडं बघतात, ड्रायव्हर छताकडं. ढाब्यावर रात्री पाइप टाकून डिझेल काढणाऱ्या टोळीला मोठी टाकी आवडते, यात ड्रायव्हरचा दोष नाही. दोन टाक्या असल्या की टाकी टू टाकी ॲव्हरेज काढणंही अवघड होतं आणि मग विनाकारण संशय वाढतो. पण मी बघितलंय, ज्या मालकानं गाडी घेताना ड्रायव्हरला विचारलं, की बाबा तुझं डिझेल कुठं संपतं, कुठं भरतोस, कुठं भरायला भीती वाटते, त्याला टाकीचा योग्य आकार सापडला. बाकीच्यांनी कॅटलॉग बघून ठरवलं.

तेव्हा तिसऱ्या ठरावातून ‘सरसकट मुभा’ काढून टाकावी आणि दोन मागण्या घालाव्यात अशी माझी सूचना आहे. एक, लांब पल्ल्याच्या प्रत्येक मॉडेलवर गाडी बांधतानाच मोठ्या टाकीचा पर्याय कंपनीनं द्यावा आणि तो नोंदणीत लिहिला जावा. दुसरी, डिझेल जीएसटीत घ्यावं. दुसरी मागणी मान्य झाली तर हद्दीवरच्या रांगा कमी होतील आणि जादा टाक्यांची निम्मी चर्चाही. हद्दीपलीकडच्या पंपवाल्या मित्रांना ते आवडणार नाही, पण ते आज इथं पाहुणे आहेत, मतदार नाहीत. दुरुस्ती लेखी दिली आहे. कुणाला बोलायचं असेल त्यांनी चहाच्या आधी चिटणीसांकडं नाव द्यावं. ड्रायव्हरांची नावं आधी घेतली जातील.